‘परिसंस्था’ आणि तिचा कर्ता : पुण्यातील नवोद्यमांची वाढ व भांडवल यांच्या परिभाषेची एक तपासणी

१

गेल्या दहा वर्षांत आपल्या सार्वजनिक व्यवहारात जे नवे शब्द वेगाने रूढ झाले, त्यांत ‘स्टार्टअप’ या शब्दाचे स्थान बरेच वरचे आहे. त्याला मराठी पर्याय देण्याचे प्रयत्नही झाले. ‘नवउद्यम’, ‘नवउपक्रम’, ‘नवोद्योग’ असे निरनिराळे शब्द वृत्तपत्रांतून व शासकीय पत्रकांतून आढळतात. प्रस्तुत लेखात संधीच्या दृष्टीने निर्दोष असा ‘नवोद्यम’ हा शब्द योजिला आहे. तथापि एखाद्या शब्दाला पर्याय कोणता द्यावा, हा या लेखाचा विषय नव्हे. नवोद्यमांविषयी आपण ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेने आपल्या विचाराला कोणते वळण लावले आहे, आणि त्या वळणामुळे कोणते प्रश्न विचारावयाचे राहून गेले आहेत, हे पाहणे हा त्याचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने अर्थव्यवहाराच्या प्रांतात पाऊल टाकावे काय, अशी शंका कोणी घेईल. त्यावर उत्तर असे की, ज्या प्रांतात निर्णय हे अहवाल, धोरणपत्रे व सादरीकरणे यांच्या द्वारा होतात, त्या प्रांतातील भाषा ही केवळ बाह्य वेष राहत नाही. ती व्यवहाराचाच एक भाग बनते. शिवाय आमच्या विभागातून बाहेर पडणारे काही विद्यार्थी आज मराठीच्या संगणकीय प्रक्रियेच्या क्षेत्रात स्वतःचे उद्यम उभारू पाहत आहेत. त्यांना जे अनुभव येतात, त्यांकडे विभागाने तटस्थपणे पाहत राहावे हे योग्य नाही.

२

या परिभाषेतील मध्यवर्ती शब्द ‘इकोसिस्टीम’ हा होय. मराठीत त्यासाठी ‘परिसंस्था’ हा शब्द जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आला. मूळ इंग्रजी शब्द १९३५ साली आर्थर टॅन्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या एका निबंधात प्रचारात आणला. त्या निबंधाचा विषयच मुळी शास्त्रीय संज्ञांचा उपयोग व दुरुपयोग हा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वनस्पतींच्या समूहाला एखादा सजीव प्राणी मानून त्याला जन्म, वाढ व प्रौढत्व चिकटविण्याची जी प्रवृत्ती त्या काळी बळावली होती, तिला आवर घालण्यासाठी टॅन्सलीने ही नवी संज्ञा सुचविली. पुढे १९९३ मध्ये जेम्स मूर यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात उद्योगसंस्थांच्या परस्परसंबंधांना हीच उपमा लावली, आणि तेथून ती व्यवस्थापनशास्त्रात व शासकीय धोरणांत शिरली. संज्ञांची शिस्त राखण्यासाठी निर्माण झालेला शब्द अखेर तिच्याच शैथिल्याला कारण व्हावा, हा शब्दांच्या इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

हा शब्द एकटा आला नाही. आपले सारे गोत घेऊन आला. नवोद्यमास ‘बीजभांडवल’ लागते, तो ‘उबवणी केंद्रा’त वाढतो, त्याचे मूल्य शंभर कोटी डॉलरांवर गेले की तो ‘युनिकॉर्न’ नावाचा काल्पनिक प्राणी होतो, आणि भांडवल दुर्मीळ झाले की ‘हिवाळा’ आला असे म्हणतात. बीज, उबवण, प्राणी, ऋतू ही सारी रूपके निसर्गातून घेतलेली आहेत. रूपकाशिवाय नव्या वस्तूविषयी बोलता येत नाही, हे मान्यच आहे. परंतु प्रत्येक रूपक एक बाजू उजळते व दुसरी अंधारात ठेवते. निसर्गाच्या रूपकांनी अंधारात ठेवलेली गोष्ट म्हणजे कर्ता. बीज रुजते, ते कोणी, कोणाच्या शेतात व कोणत्या अटीवर पेरले, हे त्या क्रियापदात येत नाही. हिवाळा येतो, तो कोणी आणला असे कोणी विचारीत नाही.

मराठीत आल्यावर या प्रवृत्तीला आपल्या प्रशासकीय गद्याची जोड मिळाली. ‘-ण्यात येणे’ ही रचना या गद्याचे अस्थिपंजर आहे. निधी उपलब्ध करून देण्यात येईल, केंद्रे स्थापन करण्यात येतील, नवोद्यमांना प्रोत्साहन देण्यात येईल, अशा धर्तीची वाक्ये वाचताना वाचक होकारार्थी मान डोलावतो. देणारा कोण, निवडणारा कोण, बुडाल्यास सोसणारा कोण, हे प्रश्न त्या वाक्यरचनेतच विरून जातात. या कार्यक्षेत्राचा कारभार पाहणाऱ्या राज्यशासनाच्या विभागाच्या नावात ‘नाविन्यता’ हा शब्द आहे. ‘नवीन’पासून ‘नावीन्य’ हे भाववाचक नाम सिद्ध झाल्यावर त्याला पुन्हा ‘ता’ जोडण्याचे कारण नाही. ‘सौंदर्यता’ म्हणावे तसेच हे आहे. प्रस्तुत लेखकास या चुकीचा राग येत नाही. मात्र ती बोलकी आहे. भाववाचकावर भाववाचक चढविण्याची हौस जेथे असते, तेथे मूर्त माणूस मागे पडण्याचा संभव अधिक असतो.

३

आता वाढीच्या मोजमापाकडे वळू. केंद्रशासनाचा ‘स्टार्टअप इंडिया’ हा कार्यक्रम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाला. त्यान्वये संस्थेस मान्यता देण्यात येऊ लागली. २०१९ च्या अधिसूचनेने ही मान्यता स्थापनेपासून दहा वर्षांपर्यंत व वार्षिक उलाढाल १०० कोटी रुपयांच्या आत असेतोवर देय ठरविली. २०२४ अखेर अशा मान्यताप्राप्त संस्थांची देशातील संख्या दीड लाखांच्या पुढे गेली, आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागला. राज्याच्या २०१८ च्या धोरणात १०,००० नवोद्यमांचे लक्ष्य होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणात ते पाच वर्षांत ५०,००० असे वाढविले आहे.

हे आकडे खोटे आहेत असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की, ते कशाचे आकडे आहेत? मान्यता म्हणजे नोंद. नोंद झालेल्या संस्थेला भांडवल मिळाले, ग्राहक मिळाला किंवा तिसऱ्या वर्षी ती जिवंत राहिली, असे त्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. मान्यतेबरोबर येणारी म्हणून सांगितली जाणारी प्राप्तिकराची सवलतदेखील केवळ नोंदीने मिळत नाही. त्यासाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. जन्मनोंदीच्या वहीवरून गावाच्या आरोग्याचे अनुमान काढावे, तशातला हा प्रकार आहे. ‘वाढ’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत : संख्येने अधिक होणे आणि अंगाने मोठे होणे. धोरणलेखनात पहिला अर्थ मोजला जातो व दुसरा सूचित केला जातो. एका शब्दाच्या दोन अर्थांमधील ही सरमिसळ आमच्या मते सर्वांत अधिक दिशाभूल करणारी आहे.

४

भांडवलाच्या बाबतीत तर कर्त्याचा शोध अधिकच उद्‌बोधक ठरतो. २०१६ साली घोषित झालेल्या १०,००० कोटी रुपयांच्या निधीचे उदाहरण घ्या. हा पैसा शासन थेट कोणत्याही नवोद्यमास देत नाही. तो ‘सिडबी’ या बँकेच्या व्यवस्थापनाखाली आहे; ही बँक तो ‘सेबी’कडे नोंदलेल्या खाजगी गुंतवणूक निधींना देते; आणि त्या निधींनी घेतलेल्या रकमेच्या निदान दुप्पट रक्कम नवोद्यमांत गुंतवावी अशी अट आहे. म्हणजे शासन दाता असले तरी निवड करणारा कर्ता खाजगी निधीचा व्यवस्थापक हा आहे. ही रचना वाईट आहे असे नाही. सरकारी अधिकाऱ्याने उद्यमाची पारख करावी यापेक्षा ती बरीच, असे म्हणता येईल. परंतु व्यवस्थापक सामान्यतः आपल्या ओळखीच्या वर्तुळात निवड करतो, आणि ते वर्तुळ मुंबई, बंगळूर व दिल्लीलगतचे गुरुग्राम येथे दाटलेले आहे. नांदेड वा जळगाव येथील तरुणाच्या दृष्टीने या साखळीचे पहिले टोक दिल्लीला आहे व शेवटचे मुंबईला. मधल्या कोणत्याही कडीवर त्याचा हात पोहोचत नाही. २०२१ ची ९४५ कोटी रुपयांची बीजनिधी योजना उबवणी केंद्रांमार्फत दिली जाते. तीत संकल्पनेच्या सिद्धतेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. तेथेही जेथे सक्षम केंद्र, तेथेच निधी, हा न्याय लागू होतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ पासून चालणारे ‘व्हेंचर सेंटर’ आहे. छत्रपती संभाजीनगरात तेथील उद्योजकांच्या संघटनेने ‘मॅजिक’ ही संस्था उभी केली. जेथे अशी माणसे पुढे आली नाहीत, तेथे योजना कागदावरच राहते.

‘एंजल’ या शब्दाचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. नाटकाला पैसा पुरविणाऱ्या धनिकास न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर हे नाव होते. तेथून ते आरंभीच्या गुंतवणूकदारास मिळाले. आपल्याकडेही नाटक मंडळ्यांना पैसा पुरविणारी माणसे होती, पण आपण त्यांना सावकार म्हटले. अर्थात दोहोंत भेद आहे : सावकार कर्ज देतो आणि व्याज घेतो, तर हा देवदूत हिस्सा घेतो व तोट्यातही वाटेकरी होतो. परंतु दोन्ही समाजांनी दिलेली नावे त्यांच्या अनुभवाची साक्ष देतात. गमतीची गोष्ट अशी की, आपल्या प्राप्तिकर कायद्याने २०१२ साली या देवदूतांच्या पैशावरच एक कर बसविला. वाजवी मूल्याहून अधिक किमतीने विकलेल्या भागांवरील जादा रक्कम ही कंपनीचे उत्पन्न समजली जाऊ लागली. त्या कराला लोकभाषेत ‘एंजल टॅक्स’ असेच नाव पडले. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती परदेशी गुंतवणूकदारांपर्यंत वाढविली गेली आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. एका तपाच्या काळात ज्या लहान संस्थांनी नोटिसांना उत्तरे देण्यात वेळ व पैसा घालविला, त्यांना हे संकट निसर्गातून आलेले नव्हते.

‘हिवाळ्या’चेही तसेच आहे. २०२१ मध्ये भारतीय नवोद्यमांकडे भांडवलाचा जो लोंढा आला, तो २०२२ च्या उत्तरार्धापासून ओसरला. यामागे एक मोठे कारण असे की, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ पासून व्याजदर चढविण्यास आरंभ केला आणि जवळजवळ शून्यावर असलेला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. सुरक्षित रोख्यांवर चांगले व्याज मिळू लागल्यावर दूरच्या देशातील धाडसी उद्यमात पैसा कोण घालील? तेव्हा हा ‘हिवाळा’ वॉशिंग्टनमधील एका समितीच्या बैठकांत ठरला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी होईल. हे एकदा स्पष्ट झाले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : ज्या प्रदेशाची वाढ इतक्या दूरच्या निर्णयावर अवलंबून आहे, त्याने आपले स्वतःचे भांडवल का उभारू नये?

५

पुण्याचा इतिहास या प्रश्नाला काही उत्तर देतो. ‘पर्सिस्टंट’ ही संस्था १९९० साली पुण्यात सुरू झाली आणि तिचे भाग २०१० मध्ये बाजारात आले. म्हणजे मध्ये वीस वर्षे गेली. ‘क्विक हील’चे संस्थापक कैलास काटकर यांचा आरंभ गणकयंत्रे दुरुस्त करण्याच्या दुकानातून झाला, १९९५ साली कंपनी स्थापन झाली, आणि बाहेरचे मोठे भांडवल तिच्याकडे आले ते २०१० मध्ये. तोवरची पंधरा वर्षे धंद्याने स्वतःच्या कमाईवर काढली. दुसरीकडे ‘द्रुवा’ ही २००८ साली पुण्यात स्थापन झालेली संस्था; तिचे मुख्यालय पुढे अमेरिकेत गेले. ‘फर्स्टक्राय’ २०१० पासून पुण्यातून चालते, परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे भाग बाजारात आले तेव्हा तिचा सर्वांत मोठा भागधारक जपानमधील ‘सॉफ्टबँक’ हा होता. स्वतःच्या कमाईवर सावकाश वाढणे, भांडवलाच्या मागे स्थलांतर करणे, किंवा येथे राहून दूरच्या भांडवलाचा स्वीकार करणे, असे हे तीन मार्ग होत. तिन्हींची फळे चांगली आली आहेत. मात्र चौथा मार्ग, म्हणजे प्रदेशातील बचत प्रदेशातील नव्या उद्यमात जाणे, या यादीत आढळत नाही.

हा चौथा मार्ग मराठी समाजाला अपरिचित नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने घराघरांतून पैसा गोळा केला, आणि त्यातून तळेगावास १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांच्या भागांवर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास तो सुरू झाला. या दोन्ही प्रसंगी वापरलेली भाषा पाहावी : फंड, वर्गणी, भाग, सभासद. हे सारे शब्द माणसांकडे बोट दाखवितात. ‘भाग’ म्हटले की भागीदार आला, ‘सभासद’ म्हटले की सभा आली, आणि सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार आला.

यावर एक सबळ आक्षेप संभवतो, आणि तो टाळून चालणार नाही. ऊस दरवर्षी येतो. संगणकप्रणाली चालेलच असे नाही. दहांतील सात-आठ प्रयत्न फसणार हे गृहीत धरणाऱ्या धंद्यात शेतकऱ्याची वा शिक्षकाची बचत घालणे हा अविचार होईल. शिवाय सहकाराचे पुढे काय झाले, तेथे सभासदाचा आवाज किती उरला, हेही आपण जाणतो. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गुंतवणूक निधीतील किमान रक्कम एक कोटी रुपये ठेवण्याच्या २०१२ च्या ‘सेबी’च्या नियमामागेही अशीच काळजी होती. परंतु जुन्या संस्थांचे अनुकरण करावे असे आमचे म्हणणे नाही. पैसा, निर्णय व तोटा यांचे कर्ते त्या संस्थांच्या भाषेत उघड होते, आणि त्यामुळे त्यांच्यावर टीका करणेही शक्य झाले, एवढेच येथे सांगावयाचे आहे. सहकारातील दोष आपल्याला दिसले ते याच कारणामुळे. परिसंस्थेचे दोष कोणाला दाखवावयाचे?

६

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. लातूर जिल्ह्यातून आलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मराठवाड्यातील बोलींमधील उच्चारभेद ओळखणारी एक प्रणाली दोन सहकाऱ्यांसह तयार केली. बाजार समितीतील व्यवहार तोंडी नोंदविता यावेत, हा तिचा हेतू. मुंबईतील एका गुंतवणूकदार मंडळापुढे त्याने ती सादर केली. सादरीकरण इंग्रजीत करावे लागले, हे ओघानेच आले. त्याला पहिला प्रश्न असा आला की, या भाषेतील किती लोक पैसे देतील? २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते, एवढे त्याला ठाऊक होते. त्यांतील पैसे देणारे किती, हे कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते. त्याला सौजन्याने निरोप देण्यात आला. आज तो परदेशी ग्राहकांची कामे करतो आणि त्यातून वाचणाऱ्या पैशावर रात्री आपली प्रणाली सुधारतो. पुण्याच्या अनेक संस्थांनी पूर्वी हेच केले. फरक इतकाच की, बोलींचा नमुना-संग्रह करण्यास माणसे खेड्यांत पाठवावी लागतात, आणि ते काम रात्री होत नाही.

भांडवल मिळाले असते तरी प्रश्न सुटला असता काय, याचे उत्तर ‘कू’ या संवादमाध्यमाच्या उदाहरणावरून मिळते. २०२० मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या, मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणाऱ्या या माध्यमाला मोठ्या परदेशी निधींचा पैसा मिळाला होता. नंतर नवा पैसा येईनासा झाला, इतर संस्थांशी विलीनीकरणाच्या वाटाघाटी फसल्या आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. भाषेच्या कामाचा काळ दशकांनी मोजावा लागतो. निधीच्या व्यवस्थापकाला मात्र काही ठराविक वर्षांत पैसा परत करावयाचा असतो. या दोन काळांचा मेळ कोण घालणार? पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे जे काम केले, ते शासनाच्या पैशाने व शासनाच्या धीराने झाले. २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्राचा ‘भाषिणी’ हा उपक्रम त्याच दिशेचा आहे. अशा कामांत कर्ता शासन आहे हे उघड असते, आणि त्यामुळे त्याची जबाबदारीही उघड असते.

७

तेव्हा या क्षेत्राविषयी लिहिताना व वाचताना तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, अशी आमची सूचना आहे. ‘निधी देण्यात येईल’ असे वाक्य आले की, निवड कोण करणार? ‘वाढ झाली’ असे आले की, कशाची व किती वर्षे टिकलेली? आणि ‘जोखीम’ हा शब्द आला की, ती कोणाच्या डोक्यावर? या कसोटीला राज्यशासनाचे सारेच प्रयत्न उतरत नाहीत, असे मुळीच नाही. २०१८ पासून ‘महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहा’त निवडलेल्या संस्थांना शासकीय विभागांकडून १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची जी पद्धत सुरू झाली, ती आम्हांस सर्वांत आश्वासक वाटते. तेथे शासन ग्राहक होते. काम घेते, पैसे मोजते, आणि ते काम उपयोगी पडले की नाही हे सांगण्यास बांधले जाते. एका बाजार समितीने आमच्या विद्यार्थ्याला असा एक आदेश दिला असता, तर ‘किती लोक पैसे देतील’ या प्रश्नाला त्याच्याजवळ निदान एक उत्तर असते.

विद्यापीठाच्या वाट्याला येणारे कामही यातून निश्चित होते. बोलींचे नमुने शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करणे, ते जतन करणे व सर्वांना खुले करणे हे कोणत्याही गुंतवणूकदाराच्या हिशेबात बसणारे नाही. ते आपल्या हिशेबात बसले पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून दरवर्षी जी ध्वनिमुद्रिते तयार होतात आणि कपाटात धूळ खात पडतात, त्यांपासून या कामाला आरंभ करता येईल. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. येथे कर्ता कोण हे आपल्याला ठाऊक आहे.